सदोष तराजूने अचूक तोलता येते काय?

तराजूने आपल्या भाषेत बरीच जागा व्यापली आहे. दुकानदार ‘काटा मारतो’, वादात एकाचे ‘पारडे जड’ होते, आणि एखादा माणूस दुसऱ्याच्या ‘पासंगालाही पुरत नाही’. यांतील पासंग हा शब्द आज बहुतेक विद्यार्थ्यांना केवळ वाक्प्रचारातून माहीत असतो. रिकाम्या तराजूची एक बाजू हलकी असेल तर ती सारखी करण्यासाठी त्या बाजूला जो खडा, तार किंवा शिशाचा तुकडा बांधतात, तो पासंग. पासंग बांधला की दांडी आडवी राहते आणि तराजू ‘खरा’ झाला असे आपण मानतो.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा : तराजू रिकामा असताना दांडी अगदी आडवी राहते, काटा मध्यावर येतो. एवढ्यावरून तो तराजू बरोबर आहे असे म्हणता येईल काय? बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, आणि अशा तराजूनेही अचूक तोलता येते काय, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

एक चकचकीत भेट

आमच्या आजोबांचे, म्हणजे आबांचे, सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावी किराण्याचे दुकान होते. दुकान बंद झाल्यावर त्यांचा तराजू अनेक वर्षे माळ्यावर पडून होता. ‘तू शास्त्रज्ञ, तुझ्याकडेच तो शोभेल’ असे म्हणून आत्याने तो मला भेट दिला. देण्यापूर्वी तिने तो एका पॉलिशवाल्याकडून हौसेने उजळून घेतला. पितळी पारड्यांचे पोचे काढले गेले, दांडीवरचा गंज यंत्रावर घासून गेला, दांडीच्या मधली पोलादी धारही चकचकीत झाली. पारडी थोडी कमीजास्त झाली होती म्हणून कारागिराने एका बाजूच्या कडीला तांब्याची तार गुंडाळून दांडी आडवी करून दिली. थोडक्यात, नवा पासंग बसवला. सोबत षट्कोनी लोखंडी वजनांची पेटीही होती.

आत्याचे एक वाक्य मात्र वस्तूपेक्षा जड होते : “आबांच्या तराजूनं कधी कुणाला चिमूटभरही कमी दिलं नाही.”

भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी तराजूत काही उणे नव्हते. परंतु तो तोलून पाहिला तेव्हा निराळेच दिसले. तपासलेले १ किलोग्रॅमचे वजन डाव्या पारड्यात ठेवले असता उजव्या पारड्यात ९९६ ग्रॅमनेच तोल साधला. तेच वजन उजव्या पारड्यात ठेवले, तेव्हा डावीकडे १००४ ग्रॅम घालावे लागले. रिकामा असताना मात्र काटा मध्यावर!

दोष कोठे लपतो?

तराजू म्हणजे मध्ये टेकू असलेली तरफ. टेकूपासून पारडे जेथे टांगलेले असते तेथपर्यंतचे अंतर म्हणजे भुज. तोल साधण्याची अट अशी की, डावीकडील भार गुणिले डावा भुज हा गुणाकार उजवीकडील भार गुणिले उजवा भुज या गुणाकाराएवढा झाला पाहिजे. या गुणाकारालाच आपण पाठ्यपुस्तकात परिबल म्हणतो. दोन्ही भुज तंतोतंत सारखे असतील तरच दोन्हीकडील भार सारखे असतात.

आता समजा, डावा भुज २०० मिलिमीटर आणि उजवा २००.८ मिलिमीटर आहे. फरक ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या नजरेला न जाणवणारा. उजवा भुज लांब असल्याने रिकामी दांडी उजवीकडे झुकेल. डाव्या बाजूला थोडी तार गुंडाळली की ती आडवी होईल. पण या तारेने केवळ रिकाम्या पारड्यांच्या परिबलांतील फरक भरून निघाला. भुजांतील फरक तसाच राहिला. पारड्यांत जितका जास्त माल घालाल तितकी चूक वाढेल : १०० ग्रॅमला ०.४ ग्रॅम, किलोला ४ ग्रॅम, पाच किलोला २० ग्रॅम. पासंगाची भरपाई ठरावीक असते, भुजांची चूक मात्र मालाच्या प्रमाणात वाढते. म्हणून रिकामा तराजू साक्ष देऊ शकत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या यंत्रविषयक प्राचीन ग्रीक ग्रंथात जांभळा रंग विकणारे व्यापारी दोरी दांडीच्या नेमक्या मध्याऐवजी किंचित बाजूला बांधून गिऱ्हाइकाला कसे फसवत, याची चर्चा आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजने-मापे पाहणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि दर चार महिन्यांनी तपासणी करण्याचा नियम सांगितला आहे. तराजू एकदा तपासला की कायमचा खरा राहत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते.

बोथट धार

या तराजूत आणखी एक दोष होता. पारड्यांत प्रत्येकी एक किलो ठेवून तोल साधल्यावर एका बाजूला १ ग्रॅम टाकला तरी काटा हलत नसे. सुमारे २ ग्रॅम टाकल्यावर तो हले. याचे कारण मधल्या पोलादी धारेत होते. तराजूची दांडी सुरीच्या पात्यासारख्या धारेवर टेकते ती उगाच नाही. धार जितकी तीक्ष्ण, तितके घर्षण टेकूच्या जवळ घडते आणि त्याचे परिबल कमी होते. पॉलिशच्या चाकाने ही धार गोलसर केली होती.

साधा हिशेब करून पाहू. पारड्यांतील दोन किलो आणि तराजूचे स्वतःचे अर्धा किलो मिळून २,५०० ग्रॅमचा भार धारेवर येतो. घर्षणांक ०.३ धरला आणि धारेच्या गोलाईची त्रिज्या अर्धा मिलिमीटर धरली, तर घर्षणाचे परिबल ०.३ × २५०० × ०.५ म्हणजे ३७५ एकक होते. २०० मिलिमीटर लांब भुजाच्या टोकाला ते जिंकायचे तर ३७५ ÷ २००, म्हणजे सुमारे १.९ ग्रॅम लागतील. प्रत्यक्षात जे दिसले त्याच्याशी हे जुळते. तीच त्रिज्या दशांश केली, म्हणजे धार दहापट तीक्ष्ण केली, तर ०.२ ग्रॅमलाही काटा हलेल.

येथे दोन प्रकारच्या त्रुटी विद्यार्थ्यांना स्पष्ट दाखवता येतात. भुजांच्या असमानतेमुळे येणारी त्रुटी दर वेळी त्याच दिशेने आणि त्याच प्रमाणात येते. ती पद्धतशीर त्रुटी होय. शंभर वेळा तोलून सरासरी काढली तरी ती जात नाही. बोथट धारेमुळे काटा कधी थोडा अलीकडे, कधी थोडा पलीकडे अडकतो. ही यादृच्छिक त्रुटी होय. दांडीला हलकी टिचकी मारून, पुन्हा पुन्हा तोलून सरासरी घेतली तर ती कमी होते. वर दिलेले ९९६ आणि १००४ हे आकडे अशा प्रत्येकी दहा तोलण्यांच्या सरासरीचे आहेत. ‘जास्त वेळा मोजा म्हणजे उत्तर बरोबर येईल’ हा सल्ला आपण वर्गात सहज देतो, पण तो दुसऱ्या प्रकारच्या त्रुटीपुरताच खरा आहे.

पारडी बदलून तोलणे

पद्धतशीर त्रुटी सरासरीने जात नसली तरी तिच्यावर उपाय आहे. ती नियमाने वागते, म्हणून नियमानेच तिला पकडता येते.

वस्तूचे खरे वस्तुमान ‘म’ मानू. डावा भुज ‘ड’ आणि उजवा ‘उ’ मानू. वस्तू डाव्या पारड्यात असताना उजवीकडे ‘प’ एवढी वजने लागली, तर म × ड = प × उ. वस्तू उजव्या पारड्यात असताना डावीकडे ‘फ’ एवढी वजने लागली, तर फ × ड = म × उ. पहिल्या समीकरणावरून म ÷ प हे उ ÷ ड बरोबर होते आणि दुसऱ्यावरून फ ÷ म हेही उ ÷ ड बरोबरच होते. म्हणून

म ÷ प = फ ÷ म, म्हणजेच म × म = प × फ.

खरे वस्तुमान हे दोन तोलण्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे भूमितीय मध्य होय. ९९६ आणि १००४ यांचा गुणाकार ९,९९,९८४ होतो आणि त्याचे वर्गमूळ ९९९.९९ येते. भुजांची लांबी आपल्याला मुळीच मोजावी लागली नाही! दुहेरी तोलण्याची ही रीत जर्मन गणिती गाउस (१७७७–१८५५) यांच्या नावाने ओळखली जाते.

याहून गंमत अशी की, फ ÷ प या गुणोत्तराचे वर्गमूळ काढले तर उ ÷ ड मिळते. येथे ते १.००४ येते. म्हणजे ज्या दोषामुळे तराजू चुकतो, तो दोषच तराजूने साध्या पट्टीपेक्षा चांगला मोजून दिला. मी भुज २०० आणि २००.८ मिलिमीटर धरले ते याच गुणोत्तरावरून.

धडा आणि बोर्डाची रीत

दुसरी रीत आपल्या किराणा दुकानदारांच्या अर्ध्या वाटेवर उभी आहे. गिऱ्हाईक तेलासाठी घरून बरणी आणी. दुकानदार बरणी एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात खडे टाकून आधी तोल साधे. यालाच भांड्याचा ‘धडा’ करणे म्हणतात. मग वजन ठेवून तेल ओतले की बरणीचा भार हिशेबात येत नाही. धड्याने भांड्याचा भार आणि पारड्यांतील कमीजास्तपणा जातो, पण भुजांतील फरक जात नाही. कारण तेल एका पारड्यात आणि वजने दुसऱ्या पारड्यात असतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-शार्ल द बोर्डा (१७३३–१७९९) यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रीतीत धडा वस्तूचाच करतात. वस्तू डाव्या पारड्यात ठेवा आणि उजव्या पारड्यात वाळू घालून काटा मध्यावर आणा. आता वाळूला हात न लावता वस्तू काढून घ्या आणि त्याच डाव्या पारड्यात वजने ठेवून काटा पुन्हा मध्यावर आणा. त्याच वाळूला त्याच भुजावरून जे जे तोलते ते परस्परांएवढे असलेच पाहिजे. भुज लहानमोठे असोत, पारडी कमीजास्त असोत, पासंग असो वा नसो, उत्तरावर परिणाम होत नाही. तराजूकडून आपली एकच मागणी असते : दोन तोलण्यांच्या दरम्यान त्याने स्वतः बदलू नये. तराजू खरा नसला तरी चालतो, तो वागण्यात एकसारखा मात्र हवा.

हे केवळ शाळेतले कौतुक नाही. १९४० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील एर्हार्ड मेटलर यांनी तयार केलेला एका पारड्याचा रासायनिक तराजू याच तत्त्वावर चाले. वस्तू पारड्यात ठेवली की त्याच बाजूची तेवढी वजने यंत्राने उचलली जात.

जे कोणत्याही युक्तीने कळत नाही

आता पेटीतील वजनांकडे वळू. लोखंडी वजनांवर गंज चढतो तेव्हा हवेतील प्राणवायू आणि पाणी शोषले जाऊन वजन थोडे वाढते. गंजाचे पापुद्रे पडले की ते घटते. अशा वजनांच्या तळाशी भोकात शिसे भरलेले असते. वजन जुळवण्यासाठी आणि तपासणीचा शिक्का मारण्यासाठी ते असते. शिसे निघून गेले तर वजन बरेच कमी भरते. पेटीतील एक वजन असेच रिते होते.

हा दोष पारडी बदलून कळत नाही आणि बोर्डाच्या रीतीनेही कळत नाही. दोन्ही रीतींत आपण वस्तूची तुलना वजनाशी करतो. वजनच खोटे असेल तर तुलना कितीही निर्दोष असली तरी उत्तर खोटेच येणार. त्यासाठी बाहेरचे, अधिक विश्वासाचे प्रमाण हवे.

या अडचणीतून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा मूळ किलोग्रॅमही सुटला नाही. १८८९ पासून तो ठोकळा हाच जगाचा किलोग्रॅम होता. त्याच्या प्रतिकृती निरनिराळ्या देशांना दिल्या गेल्या. ५७ क्रमांकाची प्रतिकृती भारताकडे आहे आणि ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. सुमारे शंभर वर्षांनी मूळ ठोकळा आणि प्रतिकृती यांची तुलना केली तेव्हा त्यांच्यात सरासरीने ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडल्याचे दिसले. मूळ ठोकळा हलका झाला की प्रतिकृती जड झाल्या, हे तुलनेवरून सांगणे शक्य नव्हते. व्याख्येनुसार मूळ ठोकळा नेहमी बरोबर एक किलोच! अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या कोणत्याही वस्तूवर न ठेवता प्लांकच्या स्थिरांकावर आधारण्यात आली.

आबांनी काटा मारला होता काय?

आता आत्याच्या वाक्याकडे येणे भाग आहे. माल उजव्या, म्हणजे लांब भुजाच्या पारड्यात असेल तर किलोमागे ९९६ ग्रॅमच माल मिळेल आणि गिऱ्हाइकाचे नुकसान होईल. माल डावीकडे असेल तर १००४ ग्रॅम जाईल आणि नुकसान दुकानदाराचे होईल. मालाचे पारडे कोणते हे लोखंडी वजनांच्या आदळण्याने पडलेल्या पोच्यांवरून कळले असते, पण पोचे ठोकून काढले गेले होते. दांडीवरील तपासणीच्या शिक्क्यांची सालेही घासली गेली होती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धारेचे टोक एका बाजूने ०.४ मिलिमीटर जरी जास्त घासले गेले, तरी टेकू तेवढा सरकतो; एक भुज ०.४ ने वाढतो, दुसरा ०.४ ने घटतो आणि फरक ०.८ मिलिमीटरचा होतो. भिंगाखाली पाहता धार एका बाजूने अधिक झिजलेली दिसत होती. तेव्हा आज दिसणारा सगळा दोष पॉलिशच्या चाकावर निर्माण झाला असणे शक्य आहे. तो पूर्वीपासून असणेही शक्य आहे. तराजू आज कसा आहे हे तो स्वतः नेमके सांगतो. पन्नास वर्षांपूर्वी कसा होता हे तो सांगू शकत नाही. त्याच्या आधारे आबांना दोषी ठरवणे जितके अशास्त्रीय, तितकेच निर्दोष ठरवणेही.

मी आत्याला हे असेच सांगितले. उजळणीबद्दल बोलताना थोडे जड गेले, पण लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. ती क्षणभर गप्प बसली आणि मग म्हणाली, “बाजाराच्या दिवशी सकाळी आबा दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवायचे. मग त्यांची अदलाबदल करायचे. आम्हांला वाटायचं, पूजा करतात.”

ही अदलाबदल म्हणजे तराजूची उत्तम परीक्षा होय. दोन सारखी म्हणवणारी वजने ठेवल्यावर दांडी झुकली आणि अदलाबदल केल्यावरही तीच बाजू झुकली, तर दोष भुजांत आहे. अदलाबदलीनंतर दुसरी बाजू झुकली, तर दोष वजनांत आहे. माणसाची आठवण हा धातूच्या दांडीहून निराळ्या जातीचा पुरावा आहे. त्यालाही मर्यादा असतात. पण या बाबतीत दांडीपेक्षा ती आठवण अधिक काही सांगते.

शाळेसाठी

इलेक्ट्रॉनिक काट्यांमुळे अनेक घरांत आणि दुकानांत असे तराजू अडगळीत पडले आहेत. व्यापारासाठी तपासणीचा शिक्का नसलेला तराजू वापरणे कायद्याने चालत नाही, पण शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला मोठे काम आहे. कोणी आपुलकीने असा तराजू शाळेला दिला, तर तीन पथ्ये पाळावीत. घासण्यापूर्वी त्यावरील खुणा, शिक्के व पोचे नोंदवावेत. दुरुस्तीपूर्वी त्याचे दोष मोजावेत. आणि धारेला पॉलिश लावू नये.

मुलांकडून पुढील गोष्टी करून घेता येतील :

१. सारख्या वजनांची अदलाबदल करून दोष भुजांत आहे की वजनांत ते ठरवणे.

२. एकच दगड पारडी बदलून आणि नंतर बोर्डाच्या रीतीने तोलणे व दोन्ही उत्तरे ताडून पाहणे.

३. एक लिटरच्या मापन-चंबूतील पाणी तोलून वजने तपासणे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचे वस्तुमान ९९७ ग्रॅम असते आणि हवेच्या उद्धरणामुळे ते तराजूवर आणखी सुमारे एक ग्रॅमने कमी भरते.

४. एक गणित : एका तराजूचा एक भुज दुसऱ्याहून दहा टक्के लांब आहे. दुकानदार एक किलो साखर एका पारड्यातून आणि एक किलो दुसऱ्या पारड्यातून देऊन म्हणतो, ‘फिटंफाट झाली.’ खरेच झाली काय? (एकदा ९०९ आणि एकदा ११०० ग्रॅम, मिळून २००९ ग्रॅम. दुकानदार ९ ग्रॅमना बुडाला!)

हे सगळे इलेक्ट्रॉनिक काट्यावर करता येणार नाही, कारण त्याचे दोष पेटीत बंद असतात. तो मुळात बल मोजतो, आणि गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर ९.७८०, तर ध्रुवावर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. म्हणून एका ठिकाणी जुळवलेला काटा दूर नेला की पुन्हा जुळवावा लागतो. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो. गुरुत्व दोन्ही पारड्यांवर सारखेच असल्याने त्याचा तोल कोठेही बिघडत नाही.

शाळेत साधने चांगली नाहीत म्हणून प्रयोग होत नाहीत, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो आणि ती खोटी नाही. पण निर्दोष साधन कोणत्याही प्रयोगशाळेत नसते. तेथेही साधन कोठे, किती आणि कोणत्या दिशेने चुकते हे आधी शोधतात आणि मग ती चूक उत्तरात उतरणार नाही अशी रीत आखतात. हे शिकवण्यासाठी किंचित वाकडा तराजू सरळ तराजूहून अधिक उपयोगी पडतो.